विमानाचा सातबारा कोणाच्या दप्तरात?

विमान हा आपला विषय नव्हे, अशी समजूत आपल्या चळवळीत खोलवर रुजलेली आहे. धानाचा हमीभाव, तेंदूपत्त्याची मजुरी, वनहक्काचे दावे, मामा तलावांची दुरुस्ती हे आपले प्रश्न. आकाशातून घरघरत जाणारे विमान हा धनिकांचा आणि सरकारचा प्रश्न, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे. निदान गोंदिया जिल्ह्यातील कार्यकर्त्याला तरी ही वाटणी परवडणारी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बिरसीला धावपट्टी बांधली. पुढे हा विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आला, त्याचा विस्तार झाला आणि कॅनडाच्या एका कंपनीशी भागीदारी करून प्राधिकरणाने तेथे वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारली. विस्तारासाठी ज्यांची जमीन आणि घरे गेली, त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळत राहिला. त्यासाठी मोर्चे निघाले, उपोषणे झाली, निवेदने दिली गेली. ते आवश्यकच होते.

परंतु या साऱ्या काळात एक प्रश्न आपण कधीच विचारला नाही. बिरसीच्या बांधीवरून उडणारे विमान बिघडले, किंवा त्यात एखादे नवे यंत्र बसवावयाचे झाले, तर ते काम कोणी करावयाचे आणि कोणाच्या कागदावरून करावयाचे? जमीन आपली, धावपट्टी आपली, भागीदारीतला पैसाही सार्वजनिक. मग त्या विमानाच्या पोटातील वायरींचा नकाशा कोणाचा? प्रश्न क्षुल्लक वाटेल. तो क्षुल्लक नाही, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

आधी ही कागदपत्रे म्हणजे काय ते समजून घेऊ. विमानात नवा रेडिओ, नवा दिशादर्शक किंवा उपग्रहाचा संदेश घेणारे नवे यंत्र बसवणे म्हणजे घरात पंखा टांगणे नव्हे. त्यासाठी प्रथम वायरिंग डायग्राम लागतो: कोणत्या सर्किट ब्रेकरपासून वायर निघते, तिचा क्रमांक काय, जाडी किती, कोणत्या कनेक्टरच्या कोणत्या पिनवर ती संपते आणि जमिनीशी कोठे जोडली जाते. दुसरी वस्तू म्हणजे विद्युत्‌भाराचा हिशेब. जनित्र किती वीज देते आणि सारी यंत्रे मिळून किती खातात, हे त्यात मांडलेले असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जनित्र बंद पडून केवळ बॅटरी उरली तर आवश्यक यंत्रे किती मिनिटे चालतील, हेही त्यातच पाहावयाचे असते. लहान विमानांसाठी हा अवधी किमान अर्धा तास असावा, असा प्रघात आहे. तिसरी वस्तू म्हणजे बसवणीचे आराखडे: लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, कोठून न्यायचा, कोठे बांधायचा, इंधनाच्या नळीपासून तो किती दूर ठेवायचा. चौथी वस्तू म्हणजे वैमानिकाच्या आणि देखभाल करणाऱ्याच्या पुस्तकांत जोडावयाची नवी पाने. एवढे सारे तयार होऊन नियामकाची मान्यता मिळाली म्हणजे मग बदल कायदेशीर होतो.

ग्रामीण वाचकाला हे एका वाक्यात सांगता येईल. वायरिंगचे ड्रॉइंग हा विमानाचा सातबारा आहे आणि प्रत्येक बदल ही त्यावरील फेरफाराची नोंद आहे. फेरफार चुकला, लपवला गेला किंवा कोणी घाईने ओढला, तर काय अनर्थ होतो, हे पटवाऱ्याच्या दारात खेटे घातलेल्या शेतकऱ्याला सांगावयास नको. फरक इतकाच की, तेथे जमीन जाते आणि येथे प्राण जातात.

हे वाक्य अलंकारासाठी लिहिलेले नाही. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचे न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेले विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व २२९ माणसे मरण पावली. साडेचार वर्षांच्या तपासानंतर २००३ मध्ये कॅनडाच्या चौकशी मंडळाने अहवाल दिला. आगीच्या सुरुवातीचा संबंध नंतर बसवलेल्या मनोरंजन यंत्रणेच्या वीजवाहक तारांशी जोडला गेला. प्रवाशांना चित्रपट दिसावेत आणि जुगाराचे खेळ खेळता यावेत, म्हणून ती यंत्रणा बसवली होती. तारांमधील ठिणगीने भोवतालचे आवरण पेटले. धूर आला म्हणजे प्रवासी कक्षाची वीज तोडावयाची, यासाठी वैमानिकाच्या हाताशी एक बटण असते. पण ही नवी यंत्रणा त्या बटणाच्या कक्षेबाहेरील वाहिनीवर जोडलेली होती. याचा अर्थ काय? मूळ आराखडा करणाऱ्याने संकटाच्या वेळी कोणती वीज कोणत्या क्रमाने तोडावयाची याचा जो विचार केला होता, तो नंतरच्या आराखड्यात उतरलाच नाही. मधल्या साखळीत कंत्राटदार होते, उपकंत्राटदार होते आणि तपासणीचे अधिकारही खाजगी संस्थेकडे सोपवलेले होते. कागद होते, सह्या होत्या, शिक्के होते. नव्हते ते संपूर्ण यंत्राचे ज्ञान एका ठिकाणी. नफ्याच्या घाईत ज्ञानाचे तुकडे केले म्हणजे ते तुकडे पुन्हा आकाशात जुळत नाहीत.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. बिरसीच्या संस्थेत विद्यार्थी ज्या कुळातील विमानांवर शिकतात, त्यांपैकी दोन इंजिनांचे डायमंड डीए-४२ हे एक. ४ मार्च २००७ रोजी जर्मनीतील स्पायर येथे याच जातीच्या एका विमानाची बॅटरी उतरलेली होती. बाहेरच्या वीजपुरवठ्याचा आधार घेऊन ते सुरू करण्यात आले. उड्डाणानंतर चाके आत घेताच व्होल्टेज क्षणभर खाली गेले, दोन्ही इंजिनांचे संगणकीय नियंत्रक एकाच वेळी नव्याने सुरू झाले आणि दोन्ही इंजिने थांबली. इंधन भरपूर होते, इंजिनेही निर्दोष होती. विजेच्या आराखड्यातील एक दुवा कच्चा होता. त्यानंतर नियंत्रकांना स्वतंत्र राखीव बॅटरी देण्याचा बदल सक्तीचा झाला. दोन पेट्या आणि काही हात वायर, एवढाच तो बदल. पण तो कागदावर कोणी आखावयाचा? ज्याच्याकडे मूळ कागद आहे त्याने. उरलेल्या जगाने त्याच्या पत्राची वाट पाहावयाची.

येथेच राजकारण सुरू होते. विमान विकत घेणाऱ्याला देखभालीपुरती माहिती मिळाली पाहिजे, असे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात आणि ती मिळतेही. तुटलेली वायर जोडण्याइतका नकाशा हाती येतो. परंतु विमानात बदल करण्यासाठी जे लागते, ते म्हणजे मूळ हिशेब, त्यामागील गृहीते आणि चाचण्यांचे निष्कर्ष. ते विक्रेत्याच्या कपाटात राहते. म्हणजे आपल्याला कुळाचा हक्क मिळतो, मालकी मिळत नाही. कसावे आपण, पण बांध हलवावयाचा झाला की मालगुजाराच्या वाड्यावर जावे. १९५१ मध्ये आपल्या भागातून मालगुजारी गेली. तिच्या जाण्याबरोबर तलाव सरकारजमा झाले. पण पाणी कोणत्या पाटाने कोणत्या बांधीत कधी सोडावयाचे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांचे ज्ञान सरकारी दप्तरात पुरते उतरले नाही आणि पुढच्या पिढ्यांनी गाळाने भरलेले तलाव पाहिले. उलट, जेथे निस्तार पत्रक जपून ठेवलेले होते, तेथे त्याच जुन्या कागदाने वनहक्काच्या दाव्यांत गावांना बळ दिले. कागद ज्याच्या हाती, हक्क त्याच्या हाती, हा धडा या जिल्ह्याला कोणी शिकवावयाची गरज नाही.

आपल्याच देशाच्या विमान उद्योगाचा इतिहास हाच धडा दोन्ही बाजूंनी देतो. जॅग्वार हे लढाऊ विमान आपण ब्रिटनकडून घेतले. परंतु त्याची दिशादर्शक व मारा करणारी यंत्रणा अपुरी वाटल्यावर १९८० च्या दशकात भारतीय वायुदल, हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि आपल्या प्रयोगशाळांनी ‘डॅरिन’ या नावाने स्वतःची जुळणी केली. यंत्रे काही परदेशी होती, काही देशी. पण कोणती वायर कोठे जाईल आणि कोणता संदेश कोणत्या वाहिनीवरून धावेल, हे आपल्या माणसांनी आखले. परिणाम पाहा. त्याच पायावर पुढे दुसरी आणि तिसरी आवृत्ती येथेच तयार करता आली. याउलट, मिराज-२००० च्या सुधारणेसाठी २०११ मध्ये फ्रेंच कंपन्यांशी करार करावा लागला. सुमारे पन्नास विमानांच्या या संपूर्ण प्रकल्पाचा खर्च अकरा हजार कोटी रुपयांच्या घरात गेला. मिराज हे वाईट विमान होते काय? मुळीच नाही. त्याचा नकाशा आपला नव्हता, एवढेच.

महाराष्ट्रातील ओझरचा कारखाना या दोन टोकांच्या मध्ये उभा आहे. १९६४ मध्ये तो मिग विमाने बांधण्यासाठी स्थापन झाला आणि नंतर सुखोई-३० आली. परक्या भाषेतील आराखडे वाचून, समजून, त्यांवर हात बसवून नाशिक जिल्ह्यातील कामगारांच्या दोन पिढ्यांनी ही विद्या कमावली. त्याच कारखान्यात सुखोईवर ब्राह्मोस हे अडीच टनांचे क्षेपणास्त्र बसवण्याचे काम झाले आणि २२ नोव्हेंबर २०१७ रोजी त्याची पहिली यशस्वी चाचणी झाली. विमानाची पाठ मजबूत करणे, नव्या वायरी ओढणे, जुन्या यंत्रणेशी नव्याचे बोलणे जुळवणे, हे सारे आपल्या सार्वजनिक कारखान्याने केले. ‘आपल्याला जमणार नाही’ असे म्हणणाऱ्यांनी ओझरला एकदा जाऊन यावे. परवान्याच्या जोरावर विमान बांधता येते. पण त्यात मनासारखा बदल करावयाचा तर परवाना पुरत नाही, आराखड्याचे आकलन लागते. हे आकलन कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही, म्हणून निर्गुंतवणुकीचा हिशेब मांडणारे त्याची किंमत शून्य धरतात.

आता नागरी विमानांकडे वळू. ‘गगन’ ही उपग्रहाधारित दिशादर्शन प्रणाली इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी सार्वजनिक पैशातून उभारली. बिरसीसारख्या लहान विमानतळांना खर्चिक भूकेंद्राशिवाय अचूक अवतरणाची सोय मिळावी, हा तिचा मोठा लाभ. १ जुलै २०२१ नंतर भारतात नोंदणी होणाऱ्या विमानांत तिचा संदेश घेणारे यंत्र असावे, असा नियमही झाला. संदेश आपला, उपग्रह आपला. पण तो घेणारे यंत्र विमानात बसवण्याचा आराखडा बहुतांशी परदेशी निर्मात्याच्या मान्यतेने आणि त्याच्या दराने येतो. आपल्या विहिरीचे पाणी परक्याच्या दोराने काढावे, त्यातला हा प्रकार.

आणि यातील विपर्यास असा की, ते आराखडे काढणारे हात पुष्कळदा भारतीयच असतात. पुणे, बंगळूर, हैदराबाद येथील कार्यालयांत बसून हजारो अभियंते परदेशी विमान कंपन्यांसाठी वायरींचे मार्ग आखतात. विदर्भातील एखादी मुलगी दिवसभर संगणकावर कनेक्टरच्या पिना जुळवते, तिचे काम सायंकाळी समुद्रापार जाते आणि तेथून ते दुसऱ्याच्या मालकीचे रहस्य बनून परत येते. बुद्धी स्वस्त म्हणून येथे घ्यावयाची आणि तिचे फळ महाग म्हणून येथेच विकावयाचे! कापूस नेऊन कापड विकण्याचा व्यवहार आपल्या आजोबांनी ओळखला होता. रेषा नेऊन आराखडा विकण्याचा व्यवहार आपण ओळखावयास इतका वेळ का लावावा?

या मागणीवर तीन आक्षेप घेतले जातात. त्यांना उत्तर दिलेच पाहिजे.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. आराखडे सर्वांच्या हाती गेले तर कोणीही उठून विमानात बदल करील, असे म्हणतात. हा आक्षेप गंभीर आहे, पण त्याचे लक्ष्य चुकले आहे. बदलाला नियामकाची मान्यता नको, असे कोणीच म्हणत नाही. उलट, मान्यता देणाऱ्याला आणि काम करणाऱ्याला संपूर्ण चित्र दिसावे, हीच आपली मागणी आहे. स्विसएअरचे विमान अतिज्ञानाने जळाले नाही. अर्धवट ज्ञानाने जळाले.

दुसरा आक्षेप खर्चाचा. मोजक्या विमानांसाठी आराखड्यांचे हक्क विकत घेणे परवडत नाही, असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब एका वर्षाचा आहे. विमान तीस-चाळीस वर्षे उडते. मिग-२१ विमानांत १९९० च्या दशकानंतर ओझरलाच मोठी सुधारणा झाली आणि सप्टेंबर २०२५ पर्यंत ती जात सेवेत राहिली. विमानाचा सांगाडा टिकतो, यंत्रे बदलतात. म्हणजे खरी किंमत पहिल्या खरेदीत नसून पुढच्या प्रत्येक बदलात आहे. बैल स्वस्तात देऊन वेसण आपल्या हाती ठेवणारा व्यापारी मूर्ख नसतो.

तिसरा आक्षेप व्यापारी गुपिताचा. संशोधनाला मोबदला मिळू नये, असे आपण म्हणत नाही. परंतु विकत घेतलेल्या वस्तूच्या आत काय आहे हे जाणून घेण्याचा हक्क आणि नक्कल करून विकण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला नाकारण्यासाठी दुसऱ्याची ढाल पुढे केली जाते. ही ढाल बाजूला सारावयास हवी.

आक्षेपकांना उत्तर देताना एक कबुली आपणही दिली पाहिजे. कामगार चळवळीने वेतन, बोनस, महागाई भत्ता यांसाठी लढे दिले. ड्रॉइंगसाठी एकही लढा दिला नाही. आराखडा हा व्यवस्थापनाचा प्रांत, आपण फक्त हातांचे मालक, हे आपण मान्य करून टाकले. इंग्लंडमधील कामगारांनी ते मान्य केले नव्हते. लुकास एरोस्पेस ही विमानांची विद्युत् साधने बनवणारी कंपनी. नोकऱ्यांवर कुऱ्हाड येणार असे दिसताच तेथील कामगार प्रतिनिधींनी १९७६ मध्ये स्वतःची पर्यायी योजना मांडली. समाजाला उपयोगी पडतील अशा सुमारे दीडशे वस्तू आपल्याच कौशल्यातून कशा बनवता येतील, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्यातील एक प्रमुख, माईक कूली, हा स्वतः आराखडे करणारा अभियंता होता. कंपनीने योजना फेटाळली आणि १९८१ मध्ये कूलीला कामावरून काढले. योजना हरली, पण एक गोष्ट सिद्ध झाली: ज्याला ड्रॉइंग वाचता येते, तो केवळ ‘काम द्या’ म्हणत नाही, काय बनवावे, हेही सांगू शकतो.

म्हणून गोंदियाच्या कार्यकर्त्यांपुढे काही ठोस मागण्या ठेवतो. सार्वजनिक पैसा ज्या संस्थेत गुंतला आहे, तिच्यासाठी विमान किंवा विमानातील बदल खरेदी करताना संपूर्ण वायरिंग आराखडे, विद्युत्‌भाराचे हिशेब आणि पुढे बदल करण्याचा हक्क हे करारातच मागितले जावेत. अशा कागदांचे एक सार्वजनिक भांडार असावे. नागपूरच्या मिहानमधील देखभाल केंद्रासारखी जागा त्यासाठी दूर नाही. गोंदियाच्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनात विमानाचे विद्युत् आराखडे वाचण्याचा, लूम बांधण्याचा आणि क्रिम्पिंगचा अभ्यासक्रम सुरू व्हावा आणि त्यात बिरसीच्या प्रकल्पग्रस्त कुटुंबांतील मुलामुलींना प्रथम स्थान मिळावे. जमीन गेलेल्याच्या मुलाला पहारेकऱ्याची कंत्राटी नोकरी देऊन पुनर्वसन झाले म्हणणे ही थट्टा आहे. शिकवणी मराठीत व्हावी. युरोपातील विमान कंपन्यांनीही आपल्या यंत्रज्ञांना क्लिष्ट इंग्रजी कळत नाही हे ओळखून १९८० च्या दशकात देखभाल पुस्तकांसाठी मोजक्या शब्दांचे सोपे इंग्रजी ठरवून घेतले. भाषेची अडचण त्यांना मान्य करता आली. आपल्यालाच तिची लाज का वाटावी? आणि शेवटची मागणी: जो यंत्रज्ञ वायर ओढतो, त्याला पूर्ण ड्रॉइंग पाहण्याचा, त्यात चूक दिसल्यास लाल शाईने लिहिण्याचा आणि शंका फिटेपर्यंत सही नाकारण्याचा हक्क असावा. कंत्राटी कामगाराला हा हक्क नसतो, कारण नाकारणाऱ्याचे कंत्राट दुसऱ्या दिवशी संपते. म्हणून सुरक्षिततेचा प्रश्न आणि कायम नोकरीचा प्रश्न हे दोन प्रश्न नाहीत.

या मागण्या उद्या मान्य होतील, असा भ्रम नाही. तालुक्याच्या सभेत कोणी विचारील की, धानाला भाव नाही आणि तुम्ही विमानाच्या वायरींचे काय घेऊन बसलात? त्याला सांगावे की, धानाचा भाव ठरवण्याचे सूत्र ज्यांच्या कपाटात असते, विमानाचा नकाशाही तशाच माणसांच्या कपाटात असतो. दोन्ही कपाटांच्या किल्ल्या मागितल्याखेरीज आपल्या हाती येणार नाहीत. बिरसीच्या मातीवरून रोज विमाने उडतात. त्या मातीतल्या मुलांनी मान वर करून नुसते पाहत राहावे, की आत काय आहे ते वाचावे, हे ठरवणे निदान आपल्या हाती आहे.